तीन मिलिमीटर

रात्री पावणेबाराला मशीननं
पुन्हा एक कोरं लेबल बाहेर काढलं.
पांढरं, गुळगुळीत,
जणू मी त्याला काही सांगितलंच नव्हतं.

"लाइट हिरवा आहे ना?" फोनवर अंबडचा तौफिक.
हिरवा आहे.
"केबल काढून लाव."
लावली.
"बंद करून चालू कर."
तौफिक, एवढं तर आमच्या विंचूरकर साहेबांनाही येतं.

मोहाडीच्या पॅकहाऊसात
आठशे चाळीस पेट्या बिननावाच्या उभ्या.
द्राक्षं तोडून झाली, निवडून झाली,
गोडी मोजून, गार करून झाली.
फक्त ती कुठली, कधीची, कुणी भरलेली
हे सांगणारा चार बोटांचा कागद नाही.
कंटेनरचा ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलाय,
त्याचे पाय काचेला टेकलेले दिसतात.

शाई संपली असेल, साहेब म्हणाले.
यात शाई नसतेच, साहेब.
मग लिहितं कशानं?
चटक्यानं.
काळं कागदाच्या अंगातच असतं,
ऊब लागली की वर येतं.
साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं,
मी काही भलतंच बोलल्यासारखं.

अकरा नंबरच्या टेबलावरून सोनजाबाई उठली,
हातमोजा काढला,
लेबलावर नखानं ओरखडा ओढला.
काही नाही.
पट्टी उलटी केली, पुन्हा ओढला.
काळीभोर रेघ.
"पालथं घातलंयस, बाई."

तुला कसं गं कळलं?
"सुरगाण्याच्या गाडीत आमचं पोरगं
तिकिटावर नखानं गाढव काढतं.
एकाच अंगाला उमटतं ते."

नव्या दुकानातून आलेला रोल,
उलटा गुंडाळलेला.
दोन तास मी त्याच्या पाठीशी बोलत होते.

फिरवून घातला. उमटलं!
पण अर्धं नाव या लेबलावर,
अर्धं पुढच्याच्या कपाळावर.
मग बटण दाबून धरलं,
दिवा दोनदा लुकलुकला तसं सोडलं.
मशीननं तीन-चार लेबलं वाया घालवली,
आंधळ्यानं उंबरा चाचपावा तशी
दोन लेबलांमधली फट शोधली,
आणि थांबलं. बरोब्बर फटीवर.

तरी एक पांढरी रेघ राहिली,
वरपासून खालपर्यंत,
नाशिकच्या मधून, गोदावरी जाते तशी.
गावाच्या नावाला चाललं असतं,
पण तीच रेघ बारकोडची एक काडी गिळत होती
आणि स्कॅनर गप्प.

झाकण उघडलं. काडीला कापूस, कापसाला स्पिरिट.
हलक्या हातानं, एकाच दिशेनं.
कापूस काळा झाला, रेघ तिथेच.
एका मिलिमीटरला आठ ठिपके असतात म्हणे,
त्यातला एक मेला होता.
तौफिकनं विचारलं, "कुणी ब्लेड लावलं का हेडला?"
मी म्हटलं, काय माहीत.
(मार्चमध्ये. चिकटलेलं लेबल. घाई. मीच.)

"नवा हेड मुंबईहून. चार दिवस."
साहेब मटकन खुर्चीत.
चार दिवसांत द्राक्षाचा देठ तपकिरी पडतो,
हे मला कुणी सांगायला नको.

मी स्क्रीनवर बारकोड धरला
आणि डावीकडे सरकवला, तीन मिलिमीटर.
गावाचं नावही थोडं अलीकडे घेतलं.
मेलेल्या ठिपक्याच्या वाट्याला
लेबलाची कोरी जागा आली,
जिथे त्यानं काही छापायचंच नव्हतं.

टुक.
स्कॅनर बोलला. पुन्हा टुक.
सगळ्या टेबलांवरच्या बाया हसल्या,
कुणीतरी चहाचं पातेलं शेगडीवर ठेवलं.
पहिल्या लेबलावर बोट ठेवून सोनजाबाईनं विचारलं,
"यात माझं काय आहे?"
हे बघ, अकरा.
"एवढंच?"
एवढंच.

सव्वातीनला कंटेनर हलला.
सकाळी प्रिंटरवरचं फडकं काढलं
तर झाकणावर एक वाया गेलेलं लेबल चिकटवलेलं,
त्यावर नखानं काढलेलं गाढव,
कान जरा जास्तच लांब.
साहेब म्हणाले, काढून टाक ते.
हो म्हटलं.
खिडकीतून ऊन येतं तिथे, दुपारी.
पुसायचं तेव्हा पुसेल.